कोळशाची संवेदना

विजेरीचा संपलेला सेल ज्याने लहानपणी फोडून पाहिला नाही असा मुलगा आमच्या पाहण्यात नाही. जस्ताचे भांडे सोलावयाचे, आतील काळा मसाला झटकावयाचा आणि मधोमध उभी असलेली कोळशाची कांडी काढून तिने अंगणातील फरशीवर रेघा ओढावयाच्या, हा उद्योग आम्हीही यथेच्छ केला आहे. त्यापायी हात आणि सदरा काळे होत व घरात बोलणी बसत, हे सांगावयास नको. त्या सेलमध्ये कांडीचे काम हमालाचे असते. रासायनिक क्रिया मसाल्यात आणि जस्तावर घडते. कांडी केवळ वीज इकडून तिकडे वाहून नेते आणि स्वतः कशातच पडत नाही.

परंतु कोळसा हमालीखेरीज आणखीही काही करू शकतो. त्याला द्रवात बुडवून योग्य विद्युत्‌दाब दिला, तर त्या द्रवात काय आहे आणि किती आहे, याची साक्ष तो देतो. अशा रीतीने द्रवाच्या संपर्कात ठेवलेल्या विद्युद्वाहकास इलेक्ट्रोड म्हणतात; आमच्या जुन्या क्रमिक पुस्तकांत त्यास विद्युदग्र हा भारदस्त शब्द होता. कोळशाच्या या विद्युदग्राला अधिक संवेदनशील करण्यासाठी गेल्या साठसत्तर वर्षांत जे प्रयत्न झाले त्यांविषयी आम्ही लिहीत आहोत. विषय प्रयोगशाळेतील असला, तरी तो आमच्या स्वयंपाकघरापर्यंत कसा येऊन पोचला ते पुढे येईलच.

या साक्षीची रीत मोठी साधी आहे. कित्येक पदार्थ ठरावीक दाबाला आपले इलेक्ट्रॉन कोळशाला देऊन टाकतात. पदार्थ जितका अधिक, तितके इलेक्ट्रॉन अधिक, आणि तितका विद्युत्‌प्रवाह मोठा. प्रवाह मोजला की पदार्थ मोजला गेला. अडचण एवढीच की, हा प्रवाह बहुधा अत्यंत क्षीण असतो. अँपिअरच्या अब्जाव्या भागाची गोष्ट करावी लागते. शिवाय द्रवात पदार्थ नसला तरी प्रवाह अगदी शून्य होत नाही. कोळशाच्या अंगाशी आयनांची सतत मांडामांड चाललेली असते आणि तिचाच एक गोंगाट होत असतो. म्हणून विद्युदग्राचा आकार वाढविला की संवेदना वाढली असे मानणे भोळेपणाचे आहे. आठवड्याच्या बाजारात उभे राहून कान दुप्पट मोठे केले, तर मित्राची हाक दुप्पट ऐकू येईल हे खरे. पण भाजीवाल्यांचा ओरडाही दुप्पट ऐकू येईल. हाक आणि ओरडा यांचे गुणोत्तर सुधारले पाहिजे.

या शास्त्राचा आरंभ मात्र कोळशाने झाला नाही. तो पाऱ्याने झाला. प्रागचे यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ साली काचेच्या बारीक नळीतून थेंबाथेंबाने गळणारा पारा विद्युदग्र म्हणून वापरला आणि १९५९ साली त्याबद्दल त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाऱ्याचा मोठा गुण असा की, प्रत्येक थेंबाबरोबर पृष्ठभाग नवा कोरा मिळतो. मागच्या थेंबावर बसलेली घाण मागच्या थेंबाबरोबर जाते. दोषही तितकाच मोठा आहे. धन दाब थोडा वाढविला की पारा स्वतःच इलेक्ट्रॉन देऊ लागतो. ज्या पदार्थांचे इलेक्ट्रॉन काढून घ्यावयाचे, त्यांच्याआधी साक्षीदारच बोलू लागला तर न्याय कसा व्हावा?

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे राल्फ ॲडम्स यांना ही अडचण जाचत होती. पाऱ्यासारखाच थेंबाथेंबाने गळणारा कोळसा करता येईल का, असा त्यांचा मूळ बेत होता. तो काही साधला नाही. पण ग्राफाइटची पूड एका न मिसळणाऱ्या द्रवात कालवून जो लगदा झाला होता, तो गळत नसला तरी विद्युदग्र म्हणून उत्तम चालतो असे दिसून आले आणि १९५८ साली ॲडम्स यांनी तो जगापुढे ठेवला. पुढे पूड आणि खनिज तेल खलात घोटून लगदा करण्याचा प्रघात पडला. तो एका नळीच्या तोंडाशी दाबून भरावयाचा व गुळगुळीत कागदावर घासून सारखा करावयाचा. पृष्ठभाग मळला तर थोडा लगदा पिळून बाहेर काढावा, कागदावर पुसावा, की पुन्हा नवा. कणीक मळणाऱ्या कोणाही गृहिणीस ही कृती एकदा पाहून येईल, आणि म्हणूनच आम्हांस ती प्रिय आहे. लगद्यात हवे ते मिसळता येते ही त्यातील आणखी एक सोय. थिओडोर कुवाना यांनी १९६४ साली पाण्यात न विरघळणारी सेंद्रिय संयुगे लगद्यातच घालून पाहिली. कोळशाला हवा तो मसाला लावून घेण्याची कल्पना येथून रूढ होऊ लागली.

वस्तुतः विद्युदग्राचे सारे व्यवहार त्याच्या पृष्ठभागावरच होतात. इलेक्ट्रॉनला उडी मारता येते ती फार थोड्या अंतराची. एखाद्या रेणूच्या जाडीपलीकडे तो हतबल होतो. तेव्हा कांडी आतून किती शुद्ध वा किती जाड, याला मोजमापाच्या दृष्टीने फारसे महत्त्व नाही. ग्राफाइटची रचना पत्त्यांच्या जुडीसारखी असते. दोन थरांमधील अंतर सुमारे ०.३३५ नॅनोमीटर. जुडीच्या सपाट पाठीपेक्षा तिच्या कडांवर पुष्कळशा पदार्थांचे इलेक्ट्रॉन अधिक सहज उतरतात. म्हणून संशोधक मंडळी काचसदृश कोळशाचा गोल तुकडा ॲल्युमिनाच्या अतिसूक्ष्म भुकटीने आरशासारखा घासतात, धुतात आणि लगेच वापरतात. हवेत तासभर ठेवला तरी त्यावर अदृश्य मळ धरतो. घासणे हे काही कोणाच्या बढतीचे काम नव्हे. तरीही त्या कामाचा आळस करणाऱ्याचे आकडे त्या कोळशाइतकेच काळे निघतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता ॲडम्स यांच्या पुढील कथेकडे वळू. मेंदूत एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोचविणारी जी रसायने आहेत, त्यांपैकी डोपामिन हे एक. ते तयार करणाऱ्या पेशी नष्ट होऊ लागल्या की हातापायांना कंप सुटतो, चालणे मंदावते. त्यालाच पार्किन्सनचा विकार म्हणतात. डोपामिन आपले इलेक्ट्रॉन कोळशाला सहज देते. तेव्हा कोळशाचे बारीक विद्युदग्र थेट मेंदूत ठेवले, तर तेथील डोपामिनचे चढउतार घडत असतानाच वाचता येतील, ही ॲडम्स यांची धाडसी कल्पना. १९७३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत असे विद्युदग्र बसवून मिळालेले आलेख प्रसिद्ध केले. आलेखावर टेकाड उमटले होते खरे. मात्र ते बव्हंशी डोपामिनचे नसून क जीवनसत्त्वाचे होते, असे पुढे निष्पन्न झाले.

आवळ्यातले आणि लिंबातले तेच हे क जीवनसत्त्व. मेंदूतील द्रवात ते भरपूर असते. मुक्त डोपामिनच्या मानाने हजारो पटींनी अधिक. उघड्या कोळशावर दोघेही जवळजवळ एकाच दाबाला इलेक्ट्रॉन देतात. त्यात आणखी एक खोड अशी की, इलेक्ट्रॉन गमावलेल्या डोपामिनला हे जीवनसत्त्व पुन्हा पूर्वरूप देते, आणि तेच डोपामिन कोळशापाशी दुसऱ्यांदा मोजले जाते. मोठ्या मिरवणुकीतील एका माणसाचे पाऊल ओळखावयाचे, आणि तो माणूसही पुन्हा पुन्हा रांगेत येऊन उभा राहतो, असा तो प्रकार. येथे कोळसा बहिरा नव्हता. उलट तो सर्वांचेच ऐकत होता.

यावर जो तोडगा निघाला तो आम्हांस या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर वाटतो. शरीरातील द्रवात क जीवनसत्त्वाच्या रेणूवर ऋण भार असतो आणि डोपामिनवर धन भार. मग कोळशावर ऋण भाराचेच एक पातळ पांघरूण घातले तर? नॅफिऑन नावाचे एक फ्लोरीनयुक्त बहुवारिक आहे. त्याच्या साखळीवर ऋण भाराचे गट लटकलेले असतात. १९८४ साली ॲडम्स यांच्या गटाने त्याच्या द्रावात विद्युदग्र बुडवून त्यावर पापुद्रा चढविला. जीवनसत्त्व दारातच ढकलले जाऊ लागले; डोपामिन आत ओढले जाऊ लागले. हे काही फुकट मिळाले नाही. पापुद्र्यातून झिरपून येण्यास डोपामिनला वेळ लागतो, म्हणून विद्युदग्राचे उत्तर मंदावते. पापुद्रा जाड तितकी निवड चोख आणि तितकाच उशीर. ॲडम्स यांच्याआधीच, १९८० च्या सुमारास, फ्रान्समधील फ्रांस्वा गोनाँ यांनी वेगळी वाट धरली होती. केसाहूनही कितीतरी बारीक अशा कार्बन तंतूला त्यांनी विजेचेच संस्कार दिले. त्यामुळे त्याच्या अंगावर ऑक्सिजनचे गट उगवले आणि जीवनसत्त्वाचे व डोपामिनच्या कुळातील द्रव्यांचे टेकाड एकमेकांपासून अलग झाले. असल्या तंतूंची मजल पुढे माणसापर्यंत गेली. कंपविकारावरील शस्त्रक्रियेच्या वेळी, रुग्ण जागा असताना व एक पैजेचा खेळ खेळत असताना, त्याच्या मेंदूतील डोपामिनचे क्षणोक्षणीचे हेलकावे कार्बन तंतूने टिपले गेले. अशा १७ रुग्णांवरील निरीक्षणे २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आहेत.

आता स्वयंपाकघर. आमच्या मातुःश्री गेली कित्येक वर्षे मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात. ओट्याच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, चाचणीच्या पट्ट्यांची डबी असते. त्या पट्टीवर जी काळी रेघ दिसते, ती पुष्कळ प्रकारच्या पट्ट्यांत कोळशाच्या शाईने छापलेले विद्युदग्रच असते. परंतु नुसता कोळसा साखर ओळखत नाही. त्यासाठी त्यावर एन्झाइम बसवावे लागते. लीलंड क्लार्क यांनी १९६२ साली ही वाट दाखविली. त्यांच्या उपकरणात एन्झाइम साखरेवर क्रिया करताना ऑक्सिजन किती खाते, ते मोजले जाई. पुढे क्रियेत निर्माण होणारा हायड्रोजन पेरॉक्साइड मोजू लागले. त्यासाठी दाब बराच लागे, आणि तेवढ्या दाबाला क जीवनसत्त्व, यूरिक आम्ल, इतकेच काय तापावरचे पॅरासिटामॉलसुद्धा आपापले इलेक्ट्रॉन पुढे करी. पुन्हा तीच मिरवणूक!

एन्झाइमकडून कोळशाने परस्परच इलेक्ट्रॉन घ्यावेत, म्हणजे मधली कटकट मिटेल, असे कोणासही वाटेल. ते होत नाही. एन्झाइमचा क्रियाशील गाभा प्रथिनाच्या गुंडाळ्यात खोल दडलेला असतो आणि इलेक्ट्रॉनची उडी तोकडी. तेव्हा आत जाऊन माल घेणारा आणि बाहेर आणून पोचविणारा एखादा लहानसा मध्यस्थ हवा. इंग्लंडातील क्रॅनफील्ड आणि ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी १९८४ साली फेरोसीन कुळातील संयुगाला हे काम दिले. फेरोसीन म्हणजे पंचकोनी कड्यांच्या दोन चकत्यांमध्ये बसविलेला लोखंडाचा एक अणू. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर हे संयुग आणि एन्झाइम दोन्ही बसविले, आणि मोजमाप कमी दाबाला होऊ लागले. १९८७ साली या तत्त्वावरील लेखणीएवढे यंत्र बाजारात आले. पूर्वी रंग बदललेल्या पट्टीशी रंगांचा तक्ता ताडून पाहत, आणि कंदिलाच्या किंवा पिवळ्या दिव्याच्या उजेडात सगळेच रंग सारखे भासत. आता आकडा दिसू लागला.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास मातुःश्रींनी हाक मारली. अंगाला दरदरून घाम, हाताला कापरे, आणि बोलणे असंबद्ध. "अरे, मला भूक लागली आहे की ताप आहे, काही उमजेना बघ," एवढे त्या कशाबशा म्हणाल्या. बेळगावचा पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही त्यांचे बोट टोचले. पाच सेकंदांनी ५१ हा आकडा आला. ७० च्या खाली साखर गेली म्हणजे काय करावयाचे ते घरात सर्वांना पाठ होते. चार चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, पुन्हा दिली. तीन वाजता १०८ आकडा आला आणि त्या स्वस्थ झोपल्या. आम्हांस मात्र झोप आली नाही. आकडा चुकून १५१ आला असता तर आम्ही साखरपाणी दिले असते काय, हा एकच विचार पहाटेपर्यंत डोक्यात घोळत होता.

हा विचार निष्कारण भित्रा नव्हता, हे आम्हांस पुढे वाचनात कळून आले. एन्झाइम अनेक प्रकारची आहेत. त्यांतील एक फार चपळ, ऑक्सिजनची पर्वा न करणारे, म्हणून काही पट्ट्यांत ते वापरले गेले. पण ते ग्लुकोजबरोबर माल्टोजलाही ग्लुकोज समजते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांच्या पोटात शुद्धीकरणासाठी जो द्रव भरतात, त्यातील एका प्रकारापासून शरीरात माल्टोज तयार होते. अशा रुग्णाची साखर प्रत्यक्षात उतरलेली असताना पट्टी ती चढलेली दाखवी, आणि त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन दिले जाई. १९९७ ते २००९ या काळात अशा पट्ट्यांशी संबंधित १३ मृत्यूंची नोंद झाल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २००९ मध्ये जाहीर केले व तशा रुग्णांसाठी त्या न वापरण्याचा इशारा दिला. त्या पट्ट्यांची संवेदना उणी नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पृष्ठभागावर कोणाला बसविले, आणि तो कोणाकोणाला आत घेतो, यावर माणसाचा जीव अवलंबून होता.

उत्तम यंत्राचा आकडाही काटेकोर नसतो. २०१३ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० मिलिग्रॅमच्या खाली असता शंभरांतील ९५ निकाल खऱ्या मूल्याच्या १५ मिलिग्रॅम अलीकडेपलीकडे, आणि १०० पासून वर असता १५ टक्क्यांच्या आत आले म्हणजे पुरे. म्हणून सकाळी ११२ आणि दुपारी ११९ आले तर त्याची चर्चा घरात करू नये, असा आमचा आग्रह असतो. मातुःश्रींना तो मान्य नाही; त्या दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवतात. डबीचे झाकण मात्र त्या स्वतः घट्ट लावतात. दमट हवेने पट्टीवरील रसायन बिघडते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या गावी हवेतून पाणी निथळते म्हटले तरी चालेल.

पृष्ठभागावर काहीतरी बसविण्याचा हा धंदा इतका फोफावला आहे की, त्यातील सारेच सोने नव्हे. कार्बनच्या नॅनोनळ्यांचा बोलबाला झाला, तेव्हा त्यांचा म्हणून सांगितलेला गुण कित्येकदा त्यांत अडकून राहिलेल्या लोहासारख्या धातूंच्या कणांचा निघाला. ग्राफीनमध्ये हे मिसळले, ते मिसळले, अशा लेखांचा पूर आला, तेव्हा मार्टिन पुमेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ग्राफीनवर चक्क पक्ष्यांच्या विष्ठेचा संस्कार केला, आणि काही विद्युत्‌रासायनिक क्रियांत ते साध्या ग्राफीनहून सरस ठरल्याचे साधार प्रसिद्ध केले. प्रयोग खरा होता आणि टोमणाही खरा होता. शास्त्रज्ञांनाही विनोदबुद्धी असते, हे मुलांना सांगण्यास आम्हांस हे उदाहरण फार उपयोगी पडते.

मुलांच्या हाती येण्याजोगा एक प्रकार मात्र आवर्जून सांगावासा वाटतो. आपल्या शिसपेन्सिलीत शिसे नसते. ग्राफाइट आणि माती असते. परंतु त्या कांडीने पाण्यातील खरे शिसे शोधता येते. पूर्वी यासाठी कोळशावर पाऱ्याचा पातळ थर चढवीत. पारा विषारी, म्हणून २००० साली जोसेफ वँग आणि सहकाऱ्यांनी त्याऐवजी बिस्मथचा थर वापरून पाहिला, आणि तो पाऱ्याच्या तोडीचा ठरला. तपासावयाच्या पाण्यात थोडे बिस्मथचे लवण घालतात आणि कोळशाला काही मिनिटे ऋण दाब देतात. बिस्मथ आणि शिसे दोन्ही त्यावर येऊन बसतात. म्हणजे विखुरलेले शिसे एका ठिकाणी गोळा होते. मग दाब हळूहळू उलट दिशेने नेला की शिसे आपल्या ठरावीक दाबाला सुटते आणि आलेखावर त्याचे टेकाड उभे राहते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या लिटरभर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये; हे प्रमाणही या रीतीने पकडता येते. यांत्रिक पेन्सिलीच्या बारीक कांड्या यासाठी वापरल्या गेल्या आहेत.

यासाठी दाब काटेकोर राखणारे पोटेन्शिओस्टॅट नावाचे यंत्र लागते, आणि तयार यंत्र शाळेला परवडणारे नाही. पण २०११ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ८० डॉलरांच्या आत घरी जुळविता येईल अशा एका यंत्राचा आराखडा सर्वांसाठी खुला केला आहे. आमच्या दहावीच्या पाच मुलामुलींनी तो छापून आणला, आणि दिवाळीच्या सुटीत त्यातील निम्मे मंडल त्यांनी डाखून पुरे केले. जुन्या वाड्यांतील नळांना कोठे कोठे शिशाचे सांधे असतात, असे त्यांच्यापैकी एकीने ऐकले आहे. पाण्याचा पहिला नमुना तिच्या आजोळच्या नळाचा घ्यावयाचे ठरले आहे.